रायफलच्या बोल्टवरचा गंज: वाचकांचे प्रश्न

नळीची निगा बहुतेक परवानाधारक मनापासून राखतात. गज, ब्रश, फडके, सगळे हाताशी असते. बोल्टवरून, म्हणजे काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावरून, मात्र एकदा तेलाचा हात फिरवला की काम संपले असे समजतात. आलेल्या पत्रांतल्या तक्रारी याच सवयीकडे बोट दाखवतात, म्हणून या वेळी फक्त बोल्टचे प्रश्न घेतले आहेत.

पुढच्या प्रत्येक उत्तराला एक गोष्ट लागू आहे. आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपून घ्या. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. मगच फडक्याला हात लावा.

प्रश्न : माझ्याकडे ईशापूरची ३१५ बोअरची रायफल आहे. मृगाच्या आधी बोल्टला भरपूर तेल लावतो आणि रायफल गवसणीत घालून कपाटात ठेवतो. तरी गणपतीत काढून पाहावे तर बोल्टच्या मुठीवर आणि तोंडाशी तांबूस डाग दिसतात. तेल कमी पडते का? (देवगड)

तेल कमी पडत नाही, ते मिठावर पडते. बोल्टची मूठ हा रायफलचा सर्वांत जास्त हाताळला जाणारा उघडा लोखंडी भाग. बोटांच्या घामातले मीठ तिथे राहते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून स्वतः विरघळते. देवगडला जून ते सप्टेंबर आर्द्रता याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे डोळ्यांना पाण्याचा थेंबही दिसत नसताना तेलाच्या थराखाली खारे पाणी तयार झालेले असते. डाग नीट निरखून पाहा. पुष्कळदा त्याला बोटाच्या ठशाचाच आकार असतो, रेघांसकट.

तेल हे पांघरूण आहे. ओल्या अंगावर पांघरूण घेतले तर अंग कोरडे होत नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी धुणे, मग वाळवणे, शेवटी तेल.

बोल्ट रायफलमधून काढा. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन जुन्या मऊ टूथब्रशवर घेऊन सगळा बोल्ट घासा. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास शेगडी किंवा देवघरातली समई पेटलेली नको. टर्पेंटाइन जुने तेल आणि काजळी काढते, मीठ मात्र काढत नाही. मीठ पाण्यातच विरघळते. म्हणून मूठ आणि बोल्टचे बाहेरचे अंग उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. खारवट विहिरीचे पाणी वापरू नका. पावसाचे गाळलेले पाणी किंवा बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर उत्तम.

आता ज्या जागा कोणी पाहत नाही त्या पाहा. पहिली, एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, पट्टीखालची फट. तिथे कान साफ करायची कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये बुडवून फिरवा. काडी चहाच्या रंगाची निघाली तर गंज सुरू झाला आहे, काळी निघाली तर नुसती काजळी आहे. काडी पांढरी निघेपर्यंत काड्या बदलत राहा. दुसरी जागा लगच्या मागची बाजू. लग म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर रिसीव्हरमध्ये (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यात) अडकणारे कान. बार उडताना सगळा दाब हेच झेलतात. तिसरी, बोल्टच्या तोंडावर फायरिंग पिनचे, म्हणजे काडतुसावर टोला देणाऱ्या सुईचे, टोक जिथून बाहेर येते ते भोक. चौथी, मूठ जिथे बोल्टला जोडलेली असते तो कोपरा. फडके तिथवर पोचत नाही.

तुमची रायफल ली-एनफिल्ड (जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या) घाटणीची असेल तर बोल्टचे डोके आट्यांवर फिरवून सुटते. त्या आट्यांत ओल धरते. डोके काढून आटे पुसा, पण ते त्याच बोल्टला परत बसवा. दुसऱ्या रायफलचे डोके किंवा बोल्ट कधीही बसवू नका. काडतुसाचे बूड आणि बोल्टचे तोंड यांच्यातले अंतर त्या एका रायफलपुरते जुळवलेले असते. फायरिंग पिनची स्प्रिंग मात्र घरी सोडवू नका. ती दाबलेली असते, निसटली तर थेट डोळ्यांवर येते.

वाळवण्यासाठी बोल्ट दहा-पंधरा मिनिटे उन्हात ठेवा. ऊन नसेल तर हेअर ड्रायरने हाताला कोमट लागेल इतकाच तापवा. गॅसच्या ज्योतीवर धरू नका. कोमट असतानाच तेल लावा. अख्ख्या बोल्टला दोन-तीन थेंब पुरतात. पंधरा-वीस मिनिटे थांबा आणि जास्तीचे तेल कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्या. बोल्ट ओला दिसता कामा नये, नुसता बोटाला गुळगुळीत लागला पाहिजे. लगच्या मागे आणि बोल्ट उचलताना घोडा जिथे चढतो त्या उतारावर मुगाच्या दाण्याएवढे ग्रीस. हे सगळे हातमोजे घालून करा, नाहीतर शेवटच्या क्षणी पुन्हा मीठ लागते.

भरपूर तेलाने तोटाच होतो. उभ्या ठेवलेल्या रायफलमधले तेल ओघळून खाली दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते. वरचा बोल्ट कोरडा राहतो. तेल चेंबरमध्ये गेले तर आणखी वाईट. बार उडताना काडतुसाचे पितळ चेंबरच्या भिंतीला धरून राहायला हवे. भिंत तेलकट असली की ते मागे सरकते आणि बोल्टवरचा धक्का वाढतो. म्हणून चेंबर नेहमी कोरडे पुसलेले हवे.

राहिली गवसणी. ती लगेच काढून टाका. चामडे असो की आत फोम लावलेले कापड, दोन्ही ओल धरतात. शिवाय कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि क्षार उरलेले असतात. गवसणी वाहून नेण्यासाठी वापरावी. कपाटात रायफल उघडी, उभी आणि भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवावी. आणि वर्षातून एकदा तेल देऊन भागत नाही. किनारपट्टीवर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बोल्ट काढून पुसायलाच हवा. हाताळला असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न : मुलगी .२२ रायफलने ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजी) खेळते. स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाल्यापासून आमच्या भागात या प्रकाराकडे वळणारी मुले वाढली आहेत. रायफल एसी गाडीतून रेंजवर नेतो. बोल्टवर कधी कधी धुके बसल्यासारखे दिसते. तेल जास्त लावून पाहिले तर काडतुसे फुसकी जाऊ लागली. काय करावे? (कोल्हापूर)

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

धुके म्हणजे दव. बाहेर २६ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते ते, २४ अंशांच्या आसपास येतो. गाडीत २२ अंशांपर्यंत थंड झालेला बोल्ट त्या हवेत उघडलात की फ्रिजमधल्या तांब्यासारखा तो बाहेरून घामेजतो. बोल्टच्या आत, स्प्रिंगवर आणि पिनवरही तेच होते, ते फक्त दिसत नाही. म्हणून रेंजवर पोचल्यावर पेटी बंदच ठेवा, निदान पाऊण तास. आतले लोखंड बाहेरच्या तापमानाला आले की उघडा. स्पर्धेची वेळ ठरलेली असते, तेव्हा तेवढा वेळ हातात धरूनच घरून निघावे लागते. शेवटच्या अर्ध्या तासाच्या प्रवासात गाडीतला एसी बंद ठेवणे हा साधा उपायही लागू पडतो.

फुसक्या काडतुसांचे कारण बोल्टच्या आत गेलेले तेल. तेल धूळ आणि काजळी धरते, घट्ट होते, पिनची चाल मंदावते आणि टोला हलका बसतो. पिनच्या भोकातून झिरपलेले तेल काडतुसाच्या कडेतल्या स्फोटक मिश्रणापर्यंत पोचले तर तेही निकामी होते. पिन आणि स्प्रिंग जवळजवळ कोरडी हवी. तेलाच्या फडक्याने पुसून मग कोरड्या फडक्याने पुसलेली, एवढेच. पिन काढायचे काम निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे करा किंवा प्रशिक्षकांकडून करून घ्या.

मुलीचा डावा हात मोज्यात असतो, पण बोल्ट चालवणारा उजवा हात उघडा. जाड जाकिटात घाम भरपूर येतो आणि साठ गोळ्यांच्या मालिकेत तोच हात साठ वेळा मुठीवर पडतो. म्हणून सराव संपल्यावर पेटी बंद करण्याआधी मूठ आणि बोल्ट किंचित ओलसर फडक्याने, मग तेलकट फडक्याने पुसायची सवय लावा. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते घरी पोचल्यावर करू म्हटले की राहतेच. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेण किंवा ग्रीस असते. ते काजळीत मिसळून बोल्टच्या तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखांत राखाडी लगद्यासारखे बसते. तोही दर सरावानंतर कापसाच्या काडीने काढा, कारण त्या लगद्यातच ओल टिकते.

प्रश्न : नेमके कोणते तेल? आमच्याकडे आजोबांपासून खोबरेल लावतात. कोणी शिवणयंत्राचे सांगतो, कोणी डब्ल्यूडी-४०, कोणी गाडीचे जुने ऑइल. (गोंदिया)

खोबरेल बंद करा. ते साधारण २४ अंशांखाली थिजते. गोंदियात डिसेंबरच्या पहाटे पारा किती खाली जातो ते तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी बोल्टमधले खोबरेल तुपासारखे गोठते आणि पिन अडखळते. शिवाय वनस्पती तेले खवट होतात, त्यांतून आम्ल सुटते आणि कालांतराने चिकट पिवळा थर जमतो. जवसाचे तेल तर वार्निशसारखे वाळते. दस्त्याच्या लाकडाला ते चांगले, बोल्टपासून दूर ठेवा. मोहरीचे तेलही बोल्टला नको.

शिवणयंत्राचे तेल स्वच्छ, पातळ खनिज तेल आहे. चिकटत नाही, पण त्यात गंजरोधक द्रव्ये नसतात आणि ते लवकर ओघळून जाते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी लावत असाल तर चालेल. पावसाळ्याला पुरत नाही.

डब्ल्यूडी-४० च्या नावातच त्याचे काम आहे. पाणी हुसकावण्यासाठी १९५३ साली केलेल्या प्रयत्नांतले चाळिसावे मिश्रण, म्हणून ४०. रायफल पावसात भिजली तर ते फवारून पाणी बाहेर काढायला योग्य आहे. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे पातळ थर उरतो. तो पुसून त्यावर खरे गन ऑइल लावायचे असते. चापाच्या यंत्रणेत आणि पिनच्या नळीत ते पुन्हा पुन्हा फवारू नका, थरावर थर चढून चिकटा होतो.

गाडीतून काढलेले जुने ऑइल मुळीच नको. त्यात इंजिनातल्या ज्वलनाची आम्ले, पाणी आणि काजळी असते. त्यापेक्षा काही न लावलेले बरे.

घ्यायचेच तर गंजरोधक द्रव्ये असलेले गन ऑइल घ्या. छोटी बाटली वर्षभर पुरते, कारण लागतात थेंब. बाटलीवर 'संरक्षण' हा उपयोग लिहिलेला आहे का ते पाहा. नुसते 'क्लीनर' किंवा 'सॉल्व्हंट' असेल तर ते काजळी काढण्यासाठी आहे, लावून ठेवण्यासाठी नाही.

प्रश्न : निवडणुकीत रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परत मिळते तेव्हा बोल्ट फिरत नाही. जमा करताना काय काळजी घ्यावी? (सातारा)

ही तक्रार रास्त आहे. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आला. लगेच १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि निकाल २३ ला. ज्यांना दोन्ही वेळा शस्त्र जमा करण्याचा आदेश होता, त्यांची रायफल त्या वर्षी सतरा आठवड्यांच्या आसपास घराबाहेर राहिली. इतके दिवस कोणी तिला पुसणार नाही हे धरूनच तयारी करायची.

आदेश आल्यावर घाई होते, आणि घाईत न पुसलेल्या रायफलवर तेल ओतले जाते. त्याऐवजी आदल्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे धुणे-वाळवणे पूर्ण करा. या वेळी नेहमीचा पातळ थर पुरणार नाही. बोल्टच्या बाहेरच्या अंगावर, लगवर आणि मुठीवर घट्ट गंजरोधक तेल किंवा ग्रीसचा डोळ्यांना दिसेल असा थर द्या. पिनच्या भोकात आणि चेंबरमध्ये ग्रीस जाऊ देऊ नका.

त्यानंतर व्हीसीआय कागद. यंत्रांचे सुटे भाग ज्या तपकिरी, मेणकट वाटणाऱ्या कागदात गुंडाळून येतात तोच. औद्योगिक वसाहतींजवळच्या पॅकिंगच्या दुकानांत मिळतो. त्यातून गंज रोखणारी वाफ हळूहळू सुटते आणि धातूवर बसते. ही वाफ साधारण वीतभर अंतरापर्यंतच उपयोगी पडते, म्हणून कागद बोल्टला आणि रिसीव्हरला लागूनच गुंडाळा. वरून जाड प्लास्टिकची पिशवी घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा. बंद नसेल तर वाफ उडून जाते आणि कागद नुसता कागद उरतो. कागदाशिवाय नुसती प्लास्टिकची पिशवी मात्र कधीच नको. आत कोंडलेली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही.

जमा करताना पावतीवर रायफलच्या क्रमांकासोबत 'बोल्टसह' असे लिहून घ्या, आणि बोल्टवर क्रमांक असेल तर तोही. सुटा बोल्ट वेगळा पडला तर दुसऱ्याच्या रायफलला जाऊ शकतो. फोटो काढून ठेवा. दस्त्याला चिठ्ठी बांधा : 'तेल व ग्रीस लावले आहे, पुसल्याशिवाय वापरू नये.' स्थानिक आदेशात परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवण्याची मुभा असेल तर तो पर्याय विचारून पाहा.

परत मिळाल्यावर नळी, चेंबर आणि बोल्टचे तोंड पूर्ण कोरडे पुसेपर्यंत एकही गोळी झाडू नका. नळीत राहिलेले ग्रीस म्हणजे गोळीच्या वाटेतला अडथळा. दाब वाढतो.

प्रश्न : वारसाहक्काने रायफल नावावर झाली. बोल्ट गंजलेला आहे, ओढला की करकरतो. चिंच किंवा व्हिनेगरने निघेल का? वाळू-कागद चालेल का? (सांगली)

गंज निघेल, पण त्यासोबत बोल्टही जाईल. चिंच, लिंबू, व्हिनेगर ही आम्ले ब्लूइंगचा, म्हणजे कारखान्यात पोलादावर चढवलेला, निळा-काळा थर गंजाबरोबरच खातात, कारण तो थरही लोहाचाच ऑक्साइड आहे. दुसरा धोका दिसत नाही. आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर ठिसूळ होतात. ते त्या दिवशी तुटत नाहीत, पुढे केव्हातरी तुटतात.

वाळू-कागद लगवर लावणे तर फार घातक. लगच्या मागचा पृष्ठभाग एक दशांश मिलिमीटर जरी घासला गेला तरी बोल्ट तेवढाच मागे बसतो, काडतुसामागची मोकळी जागा तेवढीच वाढते आणि पितळ फाटून गरम वायू मागे येऊ शकतो.

बोल्ट जोर लावून ओढू नका. टर्पेंटाइन आणि पातळ तेल निम्मे-निम्मे मिसळून फटींत सोडा आणि रात्रभर थांबा. बोल्ट सुटला की तो त्याच मिश्रणात २४ तास बुडवून ठेवा. मग '०००० नंबर'ची सर्वांत बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने, गोल न फिरवता लांबीच्या दिशेने घासा. भांडी घासायची तारेची घासणी म्हणजे स्टील वूल नव्हे, तिने चरे पडतात. तेल तांबडे झाले की पुसून नवे घ्या. पांढऱ्या फडक्यावर तांबूस रेघ उमटेनाशी झाली की थांबा. काळपट सावली राहिली तर राहू द्या, ती नुकसान करत नाही. तांबडा गंज मात्र कणभरही मागे ठेवू नका. तो स्पंजासारखा ओल धरतो आणि तेलाखालीही वाढतो.

आता नखाची कसोटी. बोल्टच्या तोंडावर आणि लगच्या मागे नख फिरवा. नख अडकेल असा खड्डा लागला तर घरचे काम तिथेच संपले. परवानाधारक कारागिराकडून काडतुसामागची मोकळी जागा मोजणारे गेज लावून तपासून घेतल्याशिवाय ती रायफल चालवू नका. बोल्टच्या मुठीवर किंवा अंगावर खड्डे असतील तर ते दिसायला वाईट, पण धोक्याचे नाहीत. आणि तुमच्या रायफलसोबत जुनी काडतुसे आली असतील तर तीही वापरू नका. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टिकलीत) पोटॅशियम क्लोरेट असे. बारानंतर त्याचे क्षार बोल्टच्या तोंडावर बसतात आणि मिठासारखेच वागतात. तेलाने ते निघत नाहीत, गरम पाण्यानेच निघतात. तुमचा बोल्ट तोंडाकडूनच जास्त गंजला असेल तर कारण बहुधा हेच.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलच्या बोल्टला तेल लागते का? (ठाणे)

लागते. बंदुकांत वापरले जाणारे स्टेनलेस कडक करता यावे असे निवडलेले असते. ते स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या स्टीलपेक्षा लवकर डागाळते. खाडीच्या खाऱ्या हवेत एक्स्ट्रॅक्टरखाली बारीक खड्डे पडतात. शिवाय स्प्रिंग आणि पिन बहुधा साध्या पोलादाचीच असतात.

प्रश्न : कपाटात सिलिका जेल किती ठेवावे? की बल्ब लावावा? (रत्नागिरी)

दोनशे लिटरच्या कपाटात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत जेमतेम पाच ग्रॅम पाणी असते. आर्द्रता ५० टक्क्यांवर आणायला त्यातले सुमारे दोन ग्रॅम काढले की झाले. तेवढ्याला दहा ग्रॅम जेल पुरे. खरा खर्च होतो तो दाराच्या फटींतून सतत येणाऱ्या हवेवर, आणि कपाटातल्या लाकूड-कापडातल्या ओलीवर. म्हणून आधी दाराला रबरी पट्टी लावा, कपडे आणि जुनी कागदपत्रे बाहेर काढा, मग अर्धा किलो जेल सच्छिद्र पिशवीत ठेवा. नारिंगी दाणे हिरवट झाले की संपले समजा. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळे दाणे टाळा, त्यांत कोबाल्टचा क्षार असतो. मुलांचा हात पोचणाऱ्या घरात तो नको.

बल्बही काम करतो. कपाटातली हवा फक्त तीन अंशांनी तापली तरी ८५ टक्क्यांची आर्द्रता ७२ च्या आसपास येते, म्हणजे मीठ विरघळण्याच्या मर्यादेखाली. पण तेलाचे फडके आणि लाकूड यांच्याजवळ उघडा बल्ब हा आगीचा धोका आहे, आणि रत्नागिरीत पावसात वीज गेली की हवा पुन्हा थंड होऊन ओल बसते. जेल बरे. सोबत दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ६० च्या वर गेला की जेल बदला आणि त्याच दिवशी बोल्टही काढून पुसा.